व्हिडिओचं हार्डवेअर डिकोडिंग दर अपडेटनंतर बंद पडतं? लिनक्सवर बिघाड असा शोधा

व्हिडिओ दिसतोय, आवाज येतोय, पण पंखा काही केल्या थांबत नाही. लॅपटॉपचं बूड तापलंय, बॅटरी भराभर उतरतेय, आणि ४के क्लिप लावली तर मधूनमधून फ्रेम गळतात. मागच्या अपडेटपर्यंत सगळं सुरळीत होतं. त्याआधी एकदा हाच त्रास झाला होता, तेव्हा कुठूनतरी दोन ओळी शोधून चिकटवल्या होत्या आणि प्रश्न मिटला होता. आता त्या ओळी जिथल्या तिथे आहेत, तरी डिकोडिंग (दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याचं काम) पुन्हा सीपीयूवर गेलंय.

हा बिघाड परत परत येतो त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे तो बोंब मारत नाही. हार्डवेअर डिकोडर मिळाला नाही तर प्लेअर किंवा ब्राउझर निमूटपणे सीपीयूकडून काम करून घेतो. १०८०पी एच.२६४ व्हिडिओ आजच्या प्रोसेसरला जड जात नाही, त्यामुळे काही बिघडलंय हे कळायलाच वेळ लागतो. दुसरं कारण जास्त चिवट आहे: जुने उपाय सिस्टिममध्ये तसेच पडून राहतात. कधीतरी लिहून ठेवलेला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, ब्राउझरला दिलेला फ्लॅग, कर्नलला दिलेला एखादा पर्याय. खालचं सगळं बदलतं आणि ही ठिगळं मात्र राहतात. माझ्या पाहण्यात नव्या बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा मागच्या उपायातच सापडतं. म्हणून नवा फ्लॅग शोधायच्या आधी काम नेमकं कुठे अडतंय ते बघू.

कमांडची आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

आधी दोन तुकडे करा

डिकोडिंगची साखळी लांब आहे. तळाशी चिपमधला व्हिडिओ डिकोडर, त्यावर कर्नलमधला ड्रायव्हर आणि त्याचं फर्मवेअर, मग /डेव्ह/डीआरआय मधली रेंडर नोड (प्रोग्राम जिच्यातून जीपीयूशी बोलतात ती फाइल), मग व्हीए-एपीआयचा (प्रोग्रामने हार्डवेअर डिकोडरकडे काम मागायच्या ठरलेल्या पद्धतीचा) युजरस्पेस ड्रायव्हर, मग लिबव्हीए ही लायब्ररी, आणि सगळ्यात वर प्लेअर किंवा ब्राउझर. बहुतेक जण ब्राउझरपासून सुरुवात करतात आणि तिथेच दमतात. ब्राउझर हा या साखळीतला सगळ्यात लहरी भाग आहे, त्याला शेवटी हात लावायचा.

एमपीव्ही हा प्लेअर इन्स्टॉल करा, एक व्हिडिओ फाइल डिस्कवर घ्या आणि टर्मिनलमधून असं चालवा:

एमपीव्ही --एचडब्ल्यूडेक=ऑटो-सेफ फाइलचं-नाव

हा पर्याय द्यावाच लागतो, कारण एमपीव्ही आपणहून हार्डवेअर डिकोडिंग सुरू करत नाही. टर्मिनलमध्ये ‘युझिंग हार्डवेअर डिकोडिंग’ अशी ओळ आली आणि पुढे व्हीएएपीआय किंवा एनव्हीडेक (एनव्हिडियाची स्वतःची डिकोडिंगची सोय) दिसलं, तर साखळीचा खालचा सगळा भाग धडधाकट आहे. व्हिडिओ चालू असताना आय हे अक्षर दाबलं की पडद्यावर तपशील येतात, त्यातही डिकोडरचं नाव दिसतं. कंट्रोल आणि एच एकत्र दाबून हार्डवेअर डिकोडिंग चालू-बंद करता येतं. ते करताना शेजारी सीपीयूचा आकडा उघडा ठेवला तर फरक लगेच दिसतो.

प्लेअर सांगतो त्यावर विसंबायचं नसेल तर चिपलाच विचारा. इंटेलवर इंटेल_जीपीयू_टॉप रूट म्हणून चालवा. त्यात रेंडर/३डी, ब्लिटर, व्हिडिओ, व्हिडिओएन्हान्स अशा इंजिनांच्या पट्ट्या दिसतात. व्हिडिओ चालू असताना ‘व्हिडिओ’ची पट्टी शून्यावर आणि फक्त रेंडर/३डी हलतेय, तर जीपीयू चित्र पडद्यावर टाकायचं तेवढं काम करतोय; डिकोडिंग सीपीयूच करतोय. इथेच पुष्कळांची गल्लत होते: जीपीयूचा वापर वाढलेला बघून ते खूश होतात, पण वाढलेली पट्टी वेगळीच असते. एएमडीसाठी एएमडीजीपीयू_टॉप, एनव्हिडियासाठी एनव्हिडिया-एसएमआयची डीमॉन (डी-एम-ओ-एन) ही उपकमांड. तिच्या ‘डेक’ या रकान्यात शून्याहून मोठा आकडा हवा. एनव्हीटॉप या तिन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालतो, हाताशी असू द्या.

एमपीव्हीत जमलं आणि ब्राउझरमध्ये नाही, तर मधले भाग सोडून सरळ ब्राउझरच्या भागाकडे जा. एमपीव्हीतच जमत नसेल तर पुढे वाचा.

व्हीएइन्फो ओळीओळीने वाचा

व्हीएइन्फो हे छोटं साधन डेबियन आणि उबंटूत त्याच नावाच्या पॅकेजमध्ये आहे, फेडोरा आणि आर्चमध्ये ते लिबव्हीए-युटिल्समध्ये मिळतं. ते चालवल्यावर काय छापतं ते नीट वाचलं तर अर्धा शोध तिथेच संपतो, पण लोक बहुधा शेवटची ओळ तेवढी बघतात.

सुरुवातीला व्हीए-एपीआयची आवृत्ती येते. मग ‘ट्रायिंग टू ओपन’ आणि पुढे एका फाइलचा पूर्ण मार्ग. त्या फाइलच्या नावाचा पहिला भाग म्हणजे ड्रायव्हर: आयएचडी, आय९६५, रेडिऑनएसआय, नुव्हो किंवा एनव्हिडिया (पहिले दोन इंटेलचे, तिसरा एएमडीचा, शेवटचे दोन एनव्हिडियाचे). इथे थांबा आणि स्वतःला विचारा: माझ्या चिपसाठी हाच ड्रायव्हर हवा का? पुढची महत्त्वाची ओळ ‘व्हीए_ओपनड्रायव्हर रिटर्न्स’ ही. शून्य आलं तर ड्रायव्हर उघडला. उणे एक आलं तर एकतर ती फाइलच नाही, किंवा फाइल आहे पण तिला हे हार्डवेअर ओळखता आलं नाही. फाइल खरंच त्या जागी आहे का ते बघितलं की या दोनपैकी काय ते कळतं.

दुसऱ्या मशीनवर एसएसएचने शिरून हे करत असाल तर सगळ्यात वर ‘एक्स सर्व्हरशी जोडता येत नाही’ अशा अर्थाची चूक दिसेल. ती बघून घाबरू नका. पडदा नाही म्हणून व्हीएइन्फो पुढे थेट डीआरएमकडून (कर्नलच्या ग्राफिक्सच्या भागाकडून) प्रयत्न करतो. खालची यादी आली म्हणजे झालं.

आता ती यादी. प्रत्येक ओळीत डावीकडे प्रोफाइल, उजवीकडे एंट्रीपॉइंट. एंट्रीपॉइंट व्हीएलडीने संपत असेल तर डिकोडिंग येतं. एन्कस्लाइस असेल तर ती एन्कोडिंगची सोय आहे, तिचा इथे उपयोग नाही. तुमच्या फाइलचा कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत, जसं एच.२६४) एफएफप्रोब या कमांडने बघा आणि बरोब्बर तोच प्रोफाइल व्हीएलडीसह यादीत शोधा. ‘एचईव्हीसी मेन’ असणं आणि ‘एचईव्हीसी मेन १०’ असणं वेगळं: पहिला ८ बिटचा, दुसरा १० बिटचा. व्हीपी९चंही तसंच, प्रोफाइल ० म्हणजे ८ बिट आणि प्रोफाइल २ म्हणजे १० बिट किंवा त्याहून जास्त.

यादीतून तीन निष्कर्ष निघतात. यादीच आली नाही: ड्रायव्हर, परवानगी किंवा कर्नलचा प्रश्न. यादी आली पण हवा तो कोडेक त्यात नाही: एकतर चिपला तो येत नाही, किंवा ड्रायव्हर बांधतानाच तो वगळलाय. यादीत कोडेक आहे तरी एमपीव्ही सॉफ्टवेअरवर जातोय: बहुधा दोन जीपीयूंचा गोंधळ.

चिपला येतं तेवढंच येणार

हे आधी तपासलं नाही तर दिवस वाया जातो. इंटेलमध्ये ८ बिट एचईव्हीसी २०१५ च्या स्कायलेकपासून आलं, १० बिट एचईव्हीसी आणि पूर्ण हार्डवेअरचं व्हीपी९ त्याच्या पुढच्या केबी लेकमध्ये. एव्ही१ बऱ्याच उशिरा: इंटेलकडे टायगर लेक, एनव्हिडियाकडे आरटीएक्स ३० मालिका, एएमडीकडे आरएक्स ६०००, तिन्ही २०२० मधले. त्यातही आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटीवर एव्ही१ डिकोडर नाही, जरी नावावरून ती त्याच मालिकेतली वाटली तरी.

आणखी एक अडचण जुन्या ॲनिमेच्या संग्रहांत भेटते: १० बिट एच.२६४. ही फाइल दिसायला साधी, पण डेस्कटॉपवरचे जवळजवळ सगळेच हार्डवेअर डिकोडर तिला हात लावत नाहीत. अगदी ताजी काही कार्डं सोडली तर ती सीपीयूवरच चालणार. तिथे सेटिंग शोधत बसू नका.

एव्ही१ची सोय नसेल तरी फार दुःख करू नये. डेव्हिड हा सॉफ्टवेअर डिकोडर इतका चपळ आहे की १०८०पीला बरे प्रोसेसर सहज पुरतात. प्रश्न ४के आणि बॅटरीचा. त्यावर उपाय ब्राउझरच्या भागात येतो.

ड्रायव्हर आहे, पण त्यातून कोडेक काढलेत

इंटेलसाठी दोन ड्रायव्हर आहेत आणि त्यांची अदलाबदल हा नेहमीचा घोळ. आय९६५ जुना, सँडी ब्रिजपासून हॅसवेलपर्यंतच्या चिपना तोच लागतो. ब्रॉडवेल आणि पुढच्यांसाठी आयएचडी, म्हणजे इंटेल मीडिया ड्रायव्हर. जुन्या प्रकल्पाचं काम थांबलंय, त्यामुळे नव्या चिपवर त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. डेबियनमध्ये आयएचडीचीही दोन रूपं मिळतात: एक मुख्य भांडारातलं (रेपॉझिटरीतलं), दुसरं नॉन-फ्री भांडारातलं, नावाच्या शेवटी तसंच लिहिलेलं. मुख्य भांडारातल्या रूपात काही सोयी वगळलेल्या असतात. परवान्याबाबत तुमचा काही आग्रह नसेल तर नॉन-फ्री टाका.

एएमडीकडे मुळात सोपं आहे, कारण ड्रायव्हर मेसा या मुक्त ग्राफिक्स संचामध्येच येतो. पण मेसा बांधताना कोणते व्हिडिओ कोडेक घ्यायचे हे वितरण (डिस्ट्रो) ठरवतं. पेटंटच्या काळजीपोटी फेडोराने २०२२ मध्ये, फेडोरा ३७ च्या वेळी, एच.२६४, एच.२६५ आणि व्हीसी-१ मेसाच्या आपल्या पॅकेजमधून काढले. ओपनसूसेचीही हीच वाट. याचं लक्षण अगदी ठसठशीत असतं: व्हीएइन्फो व्यवस्थित चालतो, रेडिऑनएसआय उघडतो, यादीत व्हीपी९ आणि नव्या कार्डावर एव्ही१ही असतं, पण एच.२६४ आणि एचईव्हीसीची एकही ओळ नसते. ही यादी दिसली की कर्नल, परवानग्या, फ्लॅग यातलं काही तपासायची गरज नाही. फेडोरावर आरपीएम फ्यूजन हे भांडार जोडून मेसा-व्हीए-ड्रायव्हर्सच्या जागी मेसा-व्हीए-ड्रायव्हर्स-फ्रीवर्ल्ड आणायचं; डीएनएफच्या स्वॅप या उपकमांडने ते एका दमात होतं. ओपनसूसेवर पॅकमन भांडारातून मेसाची पॅकेजं घ्यायची आणि पुरवठादार बदलायला झिपरला परवानगी द्यायची.

आता हे दर थोड्या दिवसांनी मोडतं कसं? फेडोराच्या भांडारात नवी मेसा आधी येते आणि फ्रीवर्ल्डची जुळणारी आवृत्ती मागाहून. त्या मधल्या वेळात अपडेट चालवलं की डीएनएफ आवृत्त्या जुळत नाहीत म्हणून कुरकुर करतो. तेव्हा घाईघाईने ‘अलाउइरेझिंग’ दिलं की तो फ्रीवर्ल्ड काढून मूळ पॅकेज बसवू शकतो. स्क्रीनवर सगळं यशस्वी झाल्याचं दिसतं, आणि एच.२६४ गेलेलं असतं. तेव्हा अशा वेळी ते अपडेट दोन-चार दिवस थांबू द्यावं, आणि काय काढलं जाणार आहे ती यादी ‘हो’ म्हणण्याआधी डोळ्यांखालून घालावी. वितरणाची पूर्ण आवृत्ती बदलली की हा एक तपास ठरलेलाच समजा.

एनव्हिडियाची तऱ्हा

एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये व्हीए-एपीआय नाहीच. त्यांच्याकडे जुनं व्हीडीपीएयू आणि नवं एनव्हीडेक आहे. एमपीव्ही एनव्हीडेक थेट वापरतो, म्हणून तिथे अडचण क्वचित येते. ब्राउझरला मात्र व्हीए-एपीआय हवं, आणि त्यासाठी एनव्हिडिया-व्हीएएपीआय-ड्रायव्हर नावाचा दुभाषी लागतो, जो व्हीए-एपीआयची मागणी एनव्हीडेककडे पोचवतो. तो प्रामुख्याने फायरफॉक्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. त्यासाठी एनव्हिडिया-डीआरएमचं मोडसेट चालू असावं लागतं आणि फायरफॉक्सचा आरडीडी सँडबॉक्स (डिकोडरला बाकी सिस्टिमपासून तोडून ठेवणारं कुंपण) बंद करावा लागतो. हे दुसरं मला पटत नाही. व्हिडिओ डिकोडर हा बाहेरून आलेला अविश्वासू डेटा चघळणारा भाग आहे, आणि सँडबॉक्स नेमका त्याच्याभोवती असतो. लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीचा जीपीयूही असेल तर व्हिडिओ त्याच्याकडे सोपवा, बॅटरीही वाचते.

पुन्हा पुन्हा येणारे दोन बिघाड इथले खास आहेत. ड्रायव्हर अपडेट झाला पण मशीन रीस्टार्ट केलं नाही, तर कर्नलमध्ये जुनं मॉड्यूल आणि डिस्कवर नव्या लायब्ररी अशी फारकत होते. एनव्हिडिया-एसएमआय चालवलं की ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ असं तो स्पष्ट सांगतो. रीस्टार्ट करा, विषय संपला. दुसरा बिघाड झोपेचा: लॅपटॉप सस्पेंडमधून उठला की एनव्हीडेक चालत नाही, बाकी सगळं चालतं. डिकोडिंग कुडावर (जीपीयूकडून गणनेचं काम करून घ्यायच्या एनव्हिडियाच्या सोयीवर) अवलंबून आहे आणि कुडा एनव्हिडिया_यूव्हीएम मॉड्यूलवर. ज्या प्रोग्रामनी ते धरलंय ते बंद करून मॉड्यूल काढून पुन्हा चढवलं की गाडी रुळावर येते. सकाळी चालतं, दुपारी नाही, रीस्टार्ट केल्यावर पुन्हा चालतं, अशी तक्रार असेल तर आधी सस्पेंडवर संशय घ्या.

नुव्हो हा मुक्त ड्रायव्हर वापरत असाल तर गेल्या दहाएक वर्षांतल्या कार्डांवर हार्डवेअर डिकोडिंगची आशा ठेवू नका.

रेंडर नोडच नाही, किंवा आहे पण हात लावता येत नाही

/डेव्ह/डीआरआय ची यादी काढा. तिथे कार्ड० किंवा कार्ड१ आणि रेंडरडी१२८ दिसायला हवं. रेंडरडी१२८ नसेल तर /प्रोक/सीएमडीलाइन उघडून त्यात नोमोडसेट आहे का बघा. सिस्टिम टाकताना पडदा काळा आला म्हणून ‘सेफ ग्राफिक्स’ निवडलेलं असतं, आणि तो शब्द बूटलोडरमध्ये कायमचा जाऊन बसतो. त्याच्यामुळे जीपीयूचा खरा ड्रायव्हर चढतच नाही, आणि डेस्कटॉपसुद्धा सीपीयूवर रंगवला जातो. तो शब्द काढा, बूटलोडरची संरचना पुन्हा तयार करा.

नोमोडसेट नसेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) फर्मवेअर शोधा. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ आणि पुढे ‘एरर -२’ म्हणजे फाइल सापडली नाही. एएमडीच्या व्हिडिओ इंजिनाला स्वतंत्र फर्मवेअर लागतं, आणि नवं कार्ड जुन्या वितरणावर लावलं की ते हमखास नसतं. लिनक्स-फर्मवेअर पॅकेज ताजं करा. डेबियनवर १२ पासून इन्स्टॉलर नॉन-फ्री फर्मवेअर स्वतःच घेतो. त्याआधीच्या आवृत्तीवरून चढत आलेल्या मशीनवर ते भांडार हाताने जोडावं लागतं.

परवानग्यांचा प्रश्न डेस्कटॉपवर लॉगिन केलेल्याला सहसा येत नाही. येतो तो मीडिया सर्व्हर सर्व्हिस म्हणून चालवणाऱ्यांना आणि कंटेनरवाल्यांना. सर्व्हिसचा युजर रेंडर गटात हवा. डॉकरमध्ये /डेव्ह/डीआरआय आत दिलं तरी पुरत नाही: कर्नल गटाचं नाव बघत नाही, क्रमांक बघतो. बाहेर रेंडर गटाचा क्रमांक एक आणि आतल्या प्रतिमेत दुसराच असला, तर आत नाव बरोबर दिसूनही दार बंद. यजमानावरचा क्रमांक बघून तोच आकडा कंटेनरला द्या.

दोन जीपीयू असतील तर रेंडरडी१२८ आणि रेंडरडी१२९ असे दोन दिसतील. कुठला कोणाचा हे कुठला ड्रायव्हर आधी चढला त्यावर ठरतं, म्हणून कर्नल बदलल्यावर ते आलटूनपालटून होऊ शकतं. सेटिंगमध्ये १२८ लिहून ठेवलेलं असेल तर एके दिवशी ते भलत्याच कार्डाकडे बोट दाखवू लागतं. /डेव्ह/डीआरआय/बाय-पाथ मधली नावं पीसीआय पत्त्यावरून ठरतात, ती स्थिर, तीच वापरा. व्हीएइन्फोला --डिस्प्ले डीआरएम आणि --डिव्हाइस देऊन दोन्ही कार्डं वेगवेगळी तपासता येतात.

व्हर्च्युअल मशीनमध्ये हे सगळं करत असाल तर थांबा. आतल्या आभासी जीपीयूला व्हिडिओ डिकोडर सहसा नसतोच.

ब्राउझर

फायरफॉक्समध्ये अबाउट:सपोर्ट उघडा. मीडिया विभागात कोडेकांचा तक्ता आहे, प्रत्येकापुढे सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर असे रकाने. त्याच पानावर वर ‘कंपोझिटिंग’ची ओळ बघा. तिथे वेबरेंडरपुढे ‘सॉफ्टवेअर’ लिहिलेलं असेल तर हार्डवेअर डिकोडिंग चालणार नाही. आधी ग्राफिक्स दुरुस्त करा. इंटेलवर आवृत्ती ११५ पासून, म्हणजे २०२३ पासून, हे आपोआप चालू असतं. एएमडीची पाळी २०२५ मध्ये आली. तरी तक्त्यात नकार दिसत असेल तर अबाउट:कॉन्फिगमध्ये मीडिया.हार्डवेअर-व्हिडिओ-डिकोडिंग.फोर्स-एनेबल्ड खरं करून बघा. पण आधी तपासासाठी, कायमचं म्हणून नव्हे.

क्रोमियम वंशाच्या ब्राउझरमध्ये क्रोम://जीपीयू हे पान लोक पुरावा म्हणून दाखवतात. तिथे ‘व्हिडिओ डिकोड: हार्डवेअर ॲक्सिलरेटेड’ लिहिलेलं असूनही प्रत्यक्ष व्हिडिओ सीपीयूवर चालू शकतो. खरं उत्तर डेव्हलपर टूल्सच्या ‘मीडिया’ पटलात: व्हिडिओ चालू ठेवून तिथे डिकोडरचं नाव बघा. व्हीएएपीआयव्हिडिओडिकोडर हवं. व्हीपीएक्स, डेव्हिड किंवा एफएफएमपेग दिसलं तर ते सॉफ्टवेअर. फ्लॅगची नावं इथे फार वेगाने बदलली: आधी व्हीएएपीआयव्हिडिओडिकोडर, मग व्हीएएपीआयव्हिडिओडिकोडलिनक्सजीएल, मग ॲक्सिलरेटेडव्हिडिओडिकोडलिनक्सजीएल. आणि न ओळखलेल्या नावाबद्दल ब्राउझर चकार शब्द काढत नाही. दोन वर्षांपूर्वीची ओळ म्हणूनच शांतपणे निकामी होते.

यूट्यूबवर व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकच्या ओळीत एव्ही०१ म्हणजे एव्ही१, व्हीपी०९ म्हणजे व्हीपी९, एव्हीसी१ म्हणजे एच.२६४. चिपला एव्ही१ येत नसेल आणि साइट तेच पाठवत असेल, तर ड्रायव्हर कितीही दुरुस्त केला तरी पंखा घोंघावणारच. फायरफॉक्समध्ये मीडिया.एव्ही१.एनेबल्ड खोटं केलं की साइट व्हीपी९ देते. क्रोमियमसाठी कोडेक अडवणारी एक्स्टेन्शन आहेत. सगळंच एच.२६४ वर आणलं तर मात्र १०८०पीच्या वर रिझोल्यूशन मिळत नाही, हा सौदा लक्षात ठेवा. कॉपी रोखणाऱ्या डीआरएमने (वरच्या कर्नलच्या डीआरएमशी याचा संबंध नाही) कुलूपबंद केलेले, पैसे भरून बघायचे चित्रपट लिनक्सच्या ब्राउझरवर साधारणपणे सॉफ्टवेअरमध्येच उलगडले जातात. त्यावर आपल्या हातात काही नाही.

ब्राउझर फ्लॅटपॅकचा (आपल्या लायब्ररी सोबत घेऊन येणाऱ्या पॅकेजचा) असेल तर वर केलेली ड्रायव्हरची सगळी दुरुस्ती त्याला दिसतच नाही. त्याची मेसा त्याच्या रनटाइममधली असते. इंटेलसाठी व्हीएएपीआय.इंटेल हे एक्स्टेन्शन लागतं. एनव्हिडियासाठी जीएल.एनव्हिडिया, आणि त्याची आवृत्ती यजमानाच्या ड्रायव्हरशी तंतोतंत जुळावी लागते. यजमान अपडेट झाला आणि फ्लॅटपॅक अपडेट करायचं राहिलं, तर फक्त फ्लॅटपॅकचेच प्रोग्राम सॉफ्टवेअरवर जातात.

जुनी ठिगळं उकला

काही नवं लावण्याआधी हे बघा. टर्मिनलमध्ये एन्व्ह चालवा आणि त्यात लिबव्हीए, व्हीडीपीएयू, एमओझेड आणि एनव्हीडी यांनी सुरू होणारी नावं शोधा. लिबव्हीए_ड्रायव्हर_नेम कुठेतरी आय९६५ ठेवलेलं असेल तर लिबव्हीए दुसरा ड्रायव्हर शोधायचे कष्टच घेत नाही, आणि नव्या लॅपटॉपवर जुनी होम डिरेक्टरी आणली की नेमकं हेच होतं. हे व्हेरिएबल लपतात कुठे? /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट, होममधली डॉट-प्रोफाइल, डॉट-कॉन्फिग/एन्व्हायर्नमेंट.डी, आणि डेस्कटॉप फाइलमधली एक्झेक ओळ. शेवटची जागा हमखास विसरली जाते. होममध्ये कॉपी केलेली डेस्कटॉप फाइल सिस्टिमच्या फाइलला झाकते, त्यामुळे मेनूतून उघडलेला ब्राउझर वेगळा वागतो आणि टर्मिनलमधून उघडलेला वेगळा. तसा फरक दिसला की कुठे बघायचं ते कळलंच.

फायरफॉक्सची कोरी प्रोफाइल तयार करून तीच क्लिप लावा. कोऱ्या प्रोफाइलमध्ये हार्डवेअर डिकोडिंग मिळालं तर सिस्टिम ठीक आहे, जुन्या अबाउट:कॉन्फिगमधले बदल एकेक करून मूळ पदावर आणा. क्रोमियमसाठी फ्लॅग्जची संरचना-फाइल बाजूला सरकवून तेच करा. आताच्या आवृत्त्यांत बऱ्याच मशीनवर फ्लॅग कमी केल्यावरच काम होतं, वाढवल्यावर नाही. आणि जे ठेवायचंच आहे त्याच्या शेजारी कॉमेंट लिहा: कुठल्या आवृत्तीवर, कशासाठी.

डिकोडिंग चालू झालं पण चित्रात हिरवी पट्टी, चौकोन किंवा काळा पडदा आला, तर एमपीव्हीला व्हीएएपीआय-कॉपी देऊन बघा. त्यात फ्रेम जीपीयूवर उलगडून परत मुख्य मेमरीत आणली जाते. थोडं जास्त काम, पण चित्र त्याने सुधारलं तर दोष डिकोडरचा नसून फ्रेम पडद्यापर्यंत नेण्याच्या वाटेतला आहे.

छोटे एआरएम बोर्ड हा वेगळा विषय. तिथे बहुधा व्हीए-एपीआय नसतं, व्ही४एल२ ही कर्नलची वेगळी व्हिडिओ सोय असते, आणि वर सांगितलेला व्हीएइन्फो तिथे काही सांगू शकत नाही. रास्पबेरी पाय ५ घेतलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की त्यात एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडरच नाही, फक्त एचईव्हीसीचा आहे. पाय ४ मध्ये दोन्ही होते. फ्रीबीएसडीवर तर्क हाच, नावं वेगळी: डीआरएम-केमॉड टाका, आरसी.कॉन्फमधल्या केएलडी_लिस्टमध्ये आय९१५केएमएस किंवा एएमडीजीपीयू लिहा, युजरला व्हिडिओ गटात घाला, पोर्ट्समधून लिबव्हीएचा योग्य ड्रायव्हर घ्या, आणि मग व्हीएइन्फोपासून वरची वाट धरा.

हे सगळं करूनही अडलं आणि मदत मागायची वेळ आली, तर ‘व्हिडिओ अडखळतो’ एवढंच लिहू नका. जीपीयूचं नेमकं मॉडेल, कर्नल आणि मेसा किंवा एनव्हिडिया ड्रायव्हरची आवृत्ती, व्हीएइन्फोचं पूर्ण आउटपुट, फाइलचा कोडेक आणि प्रोफाइल, आणि एमपीव्ही --एमएसजी-लेव्हल=ऑल=व्ही देऊन आलेला लॉग. ब्राउझरचा प्रश्न असेल तर एमओझेड_लॉगला प्लॅटफॉर्मडिकोडरमॉड्यूल:५ देऊन फायरफॉक्स टर्मिनलमधून सुरू करा. त्या लॉगमध्ये व्हीए-एपीआय सुरू झाल्याची ‘इनिट सक्सेसफुल’ ओळ आहे की नाही, आणि नसेल तर तिच्या जागी काय छापलंय, तेवढे दहा-बारा ओळींचे तुकडे जोडले की वाचणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.